गोव्यातल्या घरच्या औषध पेढ्या: आयात, घाऊक व्यवहार आणि त्यांचे कागद

दप्तर_पणजी
गोव्यात तीन-चार पिढ्या चाललेल्या औषधांच्या घाऊक पेढ्या आहेत. त्यांच्यावर लिहिलेलं जे वाचायला मिळतं त्यात मूळ पुरुषाचे कष्ट असतात आणि नव्या गोदामाचं उद्‌घाटन असतं. मधला व्यापार नसतो. माल कुठून आला, कोणत्या बंदरात उतरला, उधारी किती दिवसांची होती, मुदत संपलेल्या मालाचा तोटा कोणी सोसला, एजन्सी कोणाच्या नावावर होती, या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच पेढीचा इतिहास आणि ती जुन्या बिलांत, खतावण्यांत, परवान्यांत सापडतात. हे कागद कसे वाचायचे आणि त्यामागचा व्यवहार कसा चालायचा (आणि चालतो) ते इथे लिहावं. वैयक्तिक आठवणी नकोत. पद्धत, आकडे आणि कुठे चूक होते ते हवं.

फातुरेचा_वाचक
पोर्तुगीज काळापासून सुरुवात करतो. पेटीत कागद मिसळलेले असतात आणि अर्ध्यांवर तारीख वाचता येत नाही. तेव्हा आधी चलन बघा. रकमा रुपिया-तांगा-रेईसमध्ये असतील (१६ तांगांचा १ रुपिया) तर कागद १९५८ किंवा त्याआधीचा. त्यानंतर एस्कुदो आला, ६ एस्कुदोला १ रुपिया या दराने. एस्कुदोतलं बिल म्हणजे जेमतेम तीन-चार वर्षांची खिडकी, १९५८-५९ ते १९६१ ची गोवा मुक्ती. फार मोठी मदत होते याची.

दुसरी खूण शुद्धलेखनाची. १९११ च्या पोर्तुगीज लेखनसुधारणेनंतर 'पीएच'च्या जागी 'एफ' आला, म्हणून छापील बिलावर 'फार्मासिया' पीएचने लिहिलं असेल तर शिर्षक जुनं असण्याची शक्यता जास्त. पण एवढ्यावर विसंबू नका. पेढ्या जुने ठोकळे आणि पाट्या वर्षानुवर्षं वापरत. पत्त्यात पणजीऐवजी 'नोवा गोवा' असणं हीसुद्धा अशीच खूण आहे, एकटी पुरेशी नाही.

कागदांची नावं: 'फाक्तुरा' म्हणजे बीजक, 'कोन्येसिमेंतु' म्हणजे जहाजाची भरतपावती, 'आल्फांदेगा' म्हणजे जकात कचेरी, 'देस्पाशांत' म्हणजे माल सोडवून देणारा एजंट, 'आल्वारा' म्हणजे परवाना. एकाच खेपेचे हे चार-पाच कागद टाचणीने एकत्र लावलेले सापडले तर कृपा करून सुटे करू नका. टाचणी गंजलेली असेल तर काढा, पण त्याच क्रमाने सुती दोऱ्याने बांधा. खेप ही एकक आहे, कागद नव्हे.

खडपाबांध
मापांबद्दल एक भर. पोर्तुगीज कारभार मेट्रिक होता, पण ब्रिटिश कंपन्यांचा माल ग्रेन आणि औंसात येई. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, म्हणून '५ ग्रेन'ची गोळी ही सुमारे ३२४ मिलिग्रॅमची. ब्रिटिश द्रव औंस २८.४ मिली. पेनिसिलिन युनिटमध्ये मोजलं जातं, वजनात नाही. ही तिन्ही मापं एकाच साठा-वहीत एकाखाली एक असतात आणि बेरीज करणारा फसतो.

दप्तर_पणजी
१९५५ च्या नाकेबंदीचा परिणाम कागदांत दिसतो का?

फातुरेचा_वाचक
दिसायलाच हवा. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि मुरगाव-कॅसलरॉक रेल्वेने येणारा माल थांबला. मुंबईहून येणाऱ्या मालाची वाट बंद झाली. उरलं मुरगाव बंदर आणि त्याच वर्षी सुरू झालेला दाबोळीचा विमानतळ. म्हणून १९५४ पर्यंतच्या आणि १९५६ नंतरच्या बीजकांची तुलना करा. पुरवठादाराचं शहर, भरतपावतीवरचं बंदर आणि मागणी ते माल हाती येणं यातले दिवस, एवढे तीन रकाने काढा. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो, कारण माल वाटेत जितका जास्त दिवस तितकं पेढीचं भांडवल अडकलेलं.

१९५६ च्या अखेरीपासून १९५७ च्या एप्रिलपर्यंत सुएझ कालवा बंद होता. युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून येई. त्या महिन्यांच्या खेपा वेगळ्या लावा, नाहीतर सरासरी दिवसांचा हिशेब बिघडतो.

मांडवीपार
बाहेरचे पुरावेही घ्या. सरकारी राजपत्र 'बोलेतीं ओफिसियाल' पुराभिलेख खात्यात आहे. पाटोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत. १९०० साली सुरू झालेलं 'ओ एराल्दो' तर दैनिकच होतं, आणि औषधांच्या दुकानांच्या जाहिराती अशा पत्रांत येत. 'अमुक औषध नुकतेच आले' अशी जाहिरात आणि त्याच महिन्याची भरतपावती जुळली तर खेप नक्की झाली.

केपे_निबंधक
माझ्या मते सगळ्यात भरवशाचा दस्तऐवज कोणी सांगितलाच नाही: इन्वेंतारियु, म्हणजे मयताच्या मालमत्तेची न्यायालयात दिलेली यादी. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही कौटुंबिक आणि वारसाबाबत चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. मरणाऱ्याला आपल्या वाट्यातलाही निम्माच भाग मृत्युपत्राने देता येतो, बाकीचा हक्काच्या वारसांचा. त्यामुळे पेढीचा मालक वारला की न्यायालयात वाटणीची कारवाई होई आणि 'काबेसा द काझाल' म्हणजे कारभार पाहणारा वारस सगळ्या मालमत्तेची यादी देई. त्या यादीत दुकानाची इमारत, शिल्लक माल, येणं-देणं सगळं किमतीसह असायला हवं. पेढीच्या स्वतःच्या वहीपेक्षा ही यादी विश्वासाची, कारण दुसरे वारस ती तपासत. आता हे सगळं २०१२ च्या गोवा वारसा व इन्व्हेंटरी कायद्याखाली येतं, जो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला.

आयकरातही याचा माग आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५अ गोव्यातल्या सामाईक मालमत्तेच्या दांपत्याचं धंद्याचं उत्पन्न दोघांत समान विभागतं. म्हणून पेढी एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि विवरणपत्रं दोघांची, असं दिसलं तर ती चूक समजू नका. बायको भागीदार होती असाही अर्थ काढू नका.

वेर्णा_गोदाम
आणि मालकाबरोबर औषध परवानाही वारसाकडे जातो, नाही का? बऱ्याच घरांत 'लायसन वडिलांच्या नावावर होतं, मग मुलाच्या नावावर केलं' एवढंच सांगतात.

बॅच_नंबर
नाही. इथेच पेढ्या अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो. औषध परवाना वारशाने मिळत नाही. परवान्याची अट अशी की पेढीच्या घटनेत बदल झाला (मालक वारला, भागीदार आला किंवा गेला, मालकीच्या पेढीची भागीदारी झाली) तर परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, आणि जुना परवाना बदलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३ महिने वैध धरला जातो. त्या मुदतीत नवा परवाना घ्यावाच लागतो. वारसांचं भांडण न्यायालयात वर्षानुवर्षं चालतं, तीन महिने थांबत नाहीत. ज्या घरांनी वेळीच भागीदारी करून पुढच्या पिढीला आधीच आत घेतलं त्यांची साखळी अखंड राहिली. बाकीच्यांच्या परवाना क्रमांकात खंड दिसतो. इतिहास लिहिणाऱ्याला तो खंडच सांगतो की घरात वाटणी कधी झाली.

घाऊक परवान्याचं आजचं स्वरूप: नमुना (फॉर्म) २०बी (सर्वसाधारण औषधं) आणि २१बी (परिशिष्ट सी व सी१, म्हणजे लशी, सिरा, इन्सुलिन, इंजेक्शनची प्रतिजैविकं वगैरे). परिशिष्ट एक्ससाठी (कडक नियंत्रणातली औषधं) २०जी वेगळा. पहिल्या दोन्हींचा अर्ज नमुना १९ मध्ये. जागा किमान १० चौरस मीटर, किरकोळ आणि घाऊक एकाच जागेत असेल तर १५. जबाबदार व्यक्ती म्हणून नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा दहावी आणि औषध विक्रीचा ४ वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि १ वर्षाचा अनुभव. घरातल्या धाकट्या भावाला 'अनुभवी माणूस' म्हणून दाखवायचं असेल तर अनुभवाचा दाखला परवानाधारक पेढीचा लागतो आणि त्या काळात तो पगारपत्रकावर असावा. तोंडी अनुभव धरत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाचा अर्ज नाही, शुल्क भरून परवाना चालू ठेवायचा. गोव्यात हे काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे.

दप्तर_पणजी
हा मुद्दा मोलाचा. मुक्तीनंतर आयातीचं काय झालं, तेही कोणी लिहा.

बॅच_नंबर
थोडक्यात, थेट आयात करणारी घरं हळूहळू स्टॉकिस्ट (कंपनीचा माल साठवून दुकानांना पुरवणारे घाऊक विक्रेते) झाली. मुक्तीनंतर भारताचे कायदे गोव्याला लागू होत गेले, त्यात १९४० चा औषध कायदा आला आणि आयात-निर्यात नियंत्रणही आलं. परदेशी माल मागवायला आता परवाना आणि परकीय चलन दोन्ही हवं. त्यात १९६२ च्या चीन युद्धानंतर किमती जाहीर करण्याचा आदेश आणि १९६३ चा किंमत नियंत्रण आदेश निघाला. नंतर १९७० चा पेटंट कायदा (अंमल २० एप्रिल १९७२ पासून) औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारून फक्त प्रक्रियेला देऊ लागला. देशातच तीच औषधं वेगळ्या प्रक्रियेने आणि स्वस्तात बनू लागल्यावर युरोपहून तयार गोळ्या आणण्यात अर्थ राहिला नाही. जी घरं मुंबईच्या कंपन्यांची एजन्सी घेऊ शकली ती टिकली. पदार्थाचं पेटंट १ जानेवारी २००५ पासून परत आलं आणि नवी महाग औषधं पुन्हा बाहेरून येऊ लागली, पण ती बहुधा कंपनीच आयात करते, पेढी फक्त साठवते.

मांडवीपार
वाटपाच्या वह्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि नवा पूल १९९२ ला सुरू झाला. मधल्या काळात बार्देश-पणजी माल फेरीने जाई. म्हापशाला वेगळा साठा किंवा वेगळा स्टॉकिस्ट याच वर्षांत सुरू झालेला दिसला तर कारण बहुधा तेच.

मार्जिन_मडगाव
आता पैशाचं बोलू. घाऊक धंद्याचं गणित समजल्याशिवाय इतिहास कळत नाही.

किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधावर चालत आलेली पद्धत म्हणजे स्टॉकिस्टला १० टक्के, किरकोळ दुकानाला २० टक्के. नियंत्रित औषधावर ८ आणि १६. उदाहरण घ्या: एमआरपी १०० रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी. कर काढला की ९५.२४. त्यातून दुकानदाराचे २० टक्के गेले की पीटीआर (दुकानदाराला पडणारी किंमत) ७६.१९. त्यातून स्टॉकिस्टचे १० टक्के गेले की पीटीएस (स्टॉकिस्टला पडणारी किंमत) ६८.५७. म्हणजे घाऊक पेढीला एका पट्टीमागे ७.६२ मिळतात, त्यातूनच वाहतूक, नोकर, वीज, उधारीचं व्याज.

आता हे बघा: एक पट्टी मुदत संपून पडली आणि कंपनीने परत घेतली नाही, तर ६८.५७ बुडाले. ते भरून काढायला नऊ पट्ट्या विकाव्या लागतात, आणि त्या नऊ पट्ट्यांवर शून्य नफा. म्हणून जुन्या पेढ्यांत सगळ्यात जपलेली वही विक्रीची नसते, एक्सपायरी आणि ब्रेकेज क्लेमची (मुदत संपलेल्या व फुटलेल्या मालाची कंपनीकडे मागितलेली भरपाई) असते. क्लेम का नाकारला जातो? बॅच नंबर बिलाशी जुळत नाही, कंपनीची मुदत उलटलेली असते, पट्टी अर्धी कापलेली असते, किंवा माल दुसऱ्या राज्यातल्या स्टॉकिस्टकडून आलेला असतो. चौथं कारण गोव्यात फार घडतं, कारण बेळगाव आणि सिंधुदुर्ग जवळ.

'१० वर १' स्कीम म्हणजे १० टक्के सूट नव्हे. ११ नगांचे १० नगांइतके पैसे, म्हणजे ९.०९ टक्के. आणि तो अकरावा नग साठ्यात घेतलाच पाहिजे, फुकट म्हणून बाहेर ठेवला की साठा-वही चुकते.

वेर्णा_गोदाम
२२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांचा जीएसटी १२ चा ५ झाला. तेव्हाच्या शिल्लक मालाच्या नोंदी नीट जपा. १२ टक्क्यांनी घेतलेला माल ५ टक्क्यांनी विकला गेला, म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) साठत गेलं. दहा वर्षांनी कोणी हिशेब वाचेल तर त्याला हा महिना तोट्याचा वाटेल.

आणि १ जुलै २०१७ आधीचं: राज्याबाहेरच्या खरेदीवर सी फॉर्म (सवलतीच्या दराचा दाखला) देऊनही २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागे. तो वाचवायला कंपन्या गोव्यात स्वतःचा डेपो किंवा सी अँड एफ एजंट (कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणारा) ठेवत आणि एफ फॉर्मवर (विक्री न करता माल हलवल्याचा दाखला) माल हलवत. अनेक घरच्या पेढ्यांचं सी अँड एफचं काम या २ टक्क्यांवर उभं होतं. जीएसटीने ती गरज संपवली. हे कारण न लिहिता 'काम कमी झालं' असं लिहिणं अन्यायाचं होईल.

मार्जिन_मडगाव
संघटनेचा भागही लिहायला हवा. पूर्वी कंपनीने नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर विक्रेत्यांच्या संघटनेचं ना-हरकत पत्र लागे. जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध आदेश दिला, दंड केला आणि अशा पत्राची सक्ती व मार्जिन ठरवून देणं स्पर्धाविरोधी ठरवलं. स्टॉकिस्टच्या नेमणुकीचा कागद कोणत्या सालचा आहे हे त्यामुळे महत्त्वाचं. २०१२ आधीच्या फाईलमध्ये ना-हरकत पत्र असणार, नंतरच्यात नसावं.

सांतइनेज
आज कोणाला घरच्या पेढीतून पुन्हा आयात करायची असेल तर?

बॅच_नंबर
करता येते, पण क्रम चुकला की माल बंदरात पडून राहतो.

आधी घाऊक परवाना. तो नसेल तर भारतीय एजंट म्हणून अर्जच करता येत नाही. मग परदेशी उत्पादकाचं मुखत्यारपत्र, त्याच्या देशातून प्रमाणित होऊन आलेलं. त्यावर नमुना ४० मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडे नोंदणीचा अर्ज, त्यासोबत कारखान्याची आणि औषधाची माहिती व त्या देशातल्या विक्रीचं प्रमाणपत्र. नोंदणी नमुना ४१ मध्ये मिळते. नंतर नमुना ८ चा अर्ज, नमुना ९ ची हमी, आणि आयात परवाना नमुना १० मध्ये. नोंदणी आणि परवाना दोन्ही ३ वर्षांचे, पण तारखा वेगळ्या असतात. कॅलेंडरवर दोन्ही लिहा, नाहीतर परवाना चालू आणि नोंदणी संपलेली अशी गाठ बसते. ही नोंदणीपद्धत २००३ पासूनची आहे, त्याआधीच्या फाईलमध्ये ती शोधू नका.

माल कुठूनही उतरवता येत नाही. नियम ४३अ मध्ये ठिकाणं ठरवून दिलेली आहेत, त्यात मुंबई आणि न्हावा शेवा येतात. बिल ऑफ एंट्रीसोबत (जकातीचं आयातपत्र) प्रत्येक बॅचचा विश्लेषण दाखला लागतो, बंदरावरचा औषध अधिकारी तपासणीसाठी मालाचा नमुना घेऊ शकतो. सगळ्यात जास्त चूक होते ती आयुष्याच्या अटीत: उतरतेवेळी औषधाचं किमान ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं. २४ महिन्यांच्या औषधाला १४.४ महिने, म्हणजे उतरेपर्यंत ९.६ महिनेच जाऊ शकतात. उत्पादकाकडे माल चार महिने पडला, जहाजात दीड महिना, बंदरात एक, म्हणजे साडेसहा महिने गेले आणि हाताशी तीनच महिने उरले. मागणीपत्रातच 'पाठवताना अमुक महिन्यांपेक्षा जुनं नको' असं लिहा. लेबलवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवा.

शीतकपाट
गोदामाबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि गोव्याच्या पावसात खरी परीक्षा तिथेच.

जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. खोके जमिनीवर नकोत, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर लांब. लाकडी पॅलेटला वाळवी लागते, दर मे महिन्यात उलटवून बघा. आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, ओआरएसच्या पुड्या दगड होतात, फसफसणाऱ्या गोळ्यांच्या नळ्या फुगतात. एसी थंडावा देतो, पण थर्मोस्टॅटने बंद पडला की ओल परत चढते. म्हणून आर्द्रताशोषक यंत्र वेगळं हवं, आणि त्याचं पाणी रोज ओतायला माणूस नेमलेला हवा.

२ ते ८ अंशांच्या मालात लोक उकाड्याला घाबरतात. नुकसान गोठण्याने जास्त होतं. इन्सुलिन गोठलं की फेकायचं, वितळल्यावर ते चांगलं दिसलं तरी. काणकोण-सांगेला माल पाठवताना फ्रीझरमधले बर्फाचे पॅक थेट कुप्यांना टेकवले की बाजूच्या कुप्या गोठतात. पॅक बाहेर ठेवायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच पेटीत, आणि मध्ये पुठ्ठा. पेटीत डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) मधोमध, झाकणाखाली नव्हे.

मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असं ठळक. बिलं किमान ३ वर्षं. इतिहासासाठी म्हणाल तर ती कधीच टाकू नका.

दप्तर_पणजी
शेवटची शंका. जुन्या गोदामाच्या माळ्यावर सीलबंद बाटल्या सापडतात. लेबलं पोर्तुगीज आणि जर्मन. त्या कागदांबरोबर ठेवाव्यात का?

शीतकपाट
आधी हात लावू नका. पिक्रिक आम्ल भाजण्यावर वापरलं जाई. ते ओलं ठेवलेलं असतं, वाळलं की धक्क्याने किंवा झाकण फिरवतानाच्या घर्षणाने स्फोट होतो. बुचाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर खोली बंद करा आणि अग्निशमन दलाला कळवा. जुन्या ईथरच्या बाटलीत पेरॉक्साइड तयार होतात, तीही उघडायची नाही. पारा असलेली मलमं आणि चूर्णं, आर्सेनिकची इंजेक्शनं, मॉर्फिन किंवा बार्बिट्युरेट्स सापडली तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवा. अफूजन्य औषध परवान्याशिवाय जवळ ठेवणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, वारशात मिळालं म्हणून सूट नाही. नाल्यात ओतू नका, जाळू नका, अधिकृत जैववैद्यकीय कचरा केंद्रातूनच विल्हेवाट.

बाकी बाटल्या जागेवरूनच चारही बाजूंनी फोटोत घ्या, लेबलवरचा बॅच आणि आयातदाराचा शिक्का वाचता येईल इतक्या जवळून. मग रिकाम्या, धुतलेल्या बाटल्यांचं लेबल पाण्याने सोडवायला जाऊ नका, त्या काळची शाई विरघळते.

फातुरेचा_वाचक
आणि फोटोला भरतपावतीचा क्रमांक द्या. बाटली, बीजक आणि साठा-वहीतली ओळ तिन्ही एका क्रमांकाखाली आली की ती खेप पुरी झाली.